सुन्यास पत्र

सोलापूर,
रविवार, रात्री

प्रिय सुन्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, नीट बोलता आलं नाही. काचबिंदू निघाला, डोळ्याचं प्रेशर 28 आहे म्हणालास आणि लगेच विचारलंस, "गांज्यानं उतरतं म्हणतात, खरं का बे?"

तुला सांगणारा खोटं बोलला नाही. 1971 साली अमेरिकेत डॉक्टरांनी हे तपासलं होतं. गांजा ओढल्यावर प्रेशर साधारण पाव हिश्श्यानं उतरलं. तिथल्याच रॉबर्ट रँडल नावाच्या काचबिंदूच्या रुग्णानं 1976 मध्ये कोर्टात लढून सरकारकडूनच गांजा मिळवला. पण उतरलेलं प्रेशर टिकतं तीन-चार तास, मग परत चढतं. डोळ्याच्या नसेवरचा दाब मात्र चोवीस तास सांभाळावा लागतो. म्हणजे दिवसातून सहा-आठ वेळा, रात्री उठूनसुद्धा ओढायचं. गाडी कशी चालवशील? शिवाय त्यानं रक्तदाबही उतरतो आणि डोळ्याच्या नसेलाच रक्त कमी पडायची भीती. म्हणून तिकडच्या नेत्रतज्ज्ञांची संस्थाही काचबिंदूसाठी तो घ्या म्हणत नाही. गांज्याच्याच झाडापासून काढलेलं ते सीबीडी तेलही मागवू नकोस, उंदरांवरच्या प्रयोगात त्यानं प्रेशर उलट वाढलं होतं. आणि आपल्याकडे 1985 च्या कायद्यानं गांजा जवळ बाळगणं गुन्हा आहे, ते वेगळंच.

तुला आमचे आप्पा आठवतात ना? चादरीच्या मागावर तीस वर्षं काढली त्यांनी. काचबिंदूसाठी डोळ्यात थेंब दिले होते, सहा महिने घातले. मग बाटली संपली आणि "दुखत नाही, दिसतंय की" म्हणून आणलीच नाही. डावीकडून नजर आत आत येत गेली, त्यांनाही कळलं नाही. आई चहाचा कप डाव्या हाताशी ठेवायची, तो दर दोन दिवसांनी सांडायचा. आम्ही म्हणायचो, आप्पांचं लक्ष नसतं. एके दिवशी डाव्या काठाला धागा तुटला आणि हातभर चादर तशीच विणली गेली. त्या चादरीवरून बोटं फिरवत ते कितीतरी वेळ बसले होते. नस गेली ती गेली, कुठल्याच औषधानं परत येत नाही सुन्या. मला अजून वाटतं, तो कप दुसऱ्यांदा सांडला तेव्हाच त्यांना घेऊन जायला हवं होतं.

तुला रात्री एकच थेंब दिलाय. तो एक थेंब चोवीस तास काम करतो, हे गांज्याला जमत नाही. थेंब घातल्यावर डोळा मीट, नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून दोन-तीन मिनिटं बस, म्हणजे औषध घशात उतरत नाही. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावरच लिही. डोळा लाल झाला, चुरचुरला, तर डॉक्टरांना सांग, ते थेंब बदलून देतील. मनानं बंद करू नकोस. थेंबांनी भागलं नाही तर लेझर आहे, ऑपरेशन आहे.

आणखी एक. काचबिंदू सख्ख्या भावंडांतही येऊ शकतो. तुझ्या धाकट्याला फोन केला होता, तो "मला काही होत नाही" म्हणाला. गुरुवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून मीच त्याला तपासायला नेतोय. प्रेशर किती निघालं ते रात्री कळवतो.

तुझा,
बाळ्या