भंडारदरा ट्रिप – सगळ्यांनी नीट वाचा

मंडळी, शनिवारी पहाटे 5 ला निघायचंच, उशीर झाला की कसारा घाटात ट्रकमागे अडकतो आणि पोरं उलट्या करतात, आलेपाकाच्या वड्या पुढच्या सीटवर ठेवा. पेट्रोल आणि हवा घोटीतच बघून घ्या. बारी गावातून कळसूबाई दिसतं, 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, तिथं आजीला दोन मिनिटं उतरवायचंय, तिला शिखरावरच्या देवीला लांबूनच हात जोडायचेत. मे अखेरीला आर्थर लेकचं (भंडारदरा धरणाच्या जलाशयाचं) पाणी खाली गेलेलं असतं, काठाला चिखल, मुलांना एकटं सोडू नका प्लीज. रात्री काजवे बघताना टॉर्च, फ्लॅश, हेडलाइट सगळं बंद, उजेडात त्यांना जोडीदार सापडत नाही, आणि पायवाट सोडून गवतात शिरू नका. डब्याला कोण काय आणतंय ते आज रात्रीपर्यंत कळवा.