आईच्या रक्ताच्या रिपोर्टबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, पाळी गेल्यावर आईला रक्त दिसलं म्हणून केलेल्या तपासण्यांच्या रिपोर्टचे फोटो मिळाले. सीए-१२५ (काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं एक प्रथिन) याच्या पुढे तुम्ही ‘नॉर्मल, काळजी मिटली’ असं लिहिलंय, आणि प्लेटलेट्सच्या आकड्याभोवती लाल गोल. फोनवर आई विषय बदलते, म्हणून लिहायलाच बसले. मला या दोन्ही खुणा पुसायच्या आहेत.

सीए-१२५ साधारण ३५ च्या आत असलं की नॉर्मल धरतात. आईचं १४ आलंय. पण गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर सुरुवातीला असतो तेव्हा पुष्कळ बायकांचं सीए-१२५ असंच नॉर्मल येतं. उलट फायब्रॉइड, लिव्हरचा आजार, पोटातला टीबी अशा कारणांनी कॅन्सर नसतानाही ते चढतं. या तपासणीचा खरा उपयोग निदान झाल्यावर होतो. तेव्हा आकडा बराच जास्त असला, तर आजार पिशवीबाहेर गेलाय का अशी शंका डॉक्टर घेतात आणि स्कॅन त्या नजरेने बघतात. कॅन्सर नाहीच, असं १४ हा आकडा सांगू शकत नाही. लॅबमध्ये रोज असे रिपोर्ट हाताखालून जातात, म्हणून हे इतकं ठामपणे लिहितेय.

आता प्लेटलेट्स, ४ लाख ६० हजार. तुम्ही इंटरनेटवर वाचलंत ते खोटं नाही. या कॅन्सरमध्ये वाढलेल्या प्लेटलेट्स आणि पुढे गेलेला आजार यांचा संबंध दिसलेला आहे. डॉक्टरांसाठी सूचना काढणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१५ च्या सूचनांमध्येही आहे की पंचावन्नच्या पुढच्या बाईच्या अंगावरून विनाकारण पाणी जात असेल आणि प्लेटलेट्स वाढलेल्या असतील, तर सोनोग्राफीचा विचार करावा. पण त्याच पानावर वर बघा: हिमोग्लोबिन ९.८, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ७१. म्हणजे लाल पेशी लहान झाल्यात, बहुधा लोह कमी पडलंय. रक्त जात राहिलं की लोह घटतं, आणि लोह घटलं की प्लेटलेट्स आपोआप वाढतात. मग ही वाढ लोहाची की गाठीची? या कागदावरून ते कुणालाच सांगता येणार नाही. फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घेऊ, गोळ्या सुरू होतील, ते होईलच. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तराचा तुम्ही हिशोब मांडलात, तोही राहू दे. साध्या सर्दी-तापानेही ते हलतं.

आई, तुझ्यासाठी एवढंच. पाळी जाऊन दहा वर्षं झाल्यावर अंगावर लाल दिसलं, तर ते एकदाच दिसलं असलं तरी तपासायचं असतं. अशा शंभर बायकांमध्ये साधारण नऊ-दहा जणींनाच कॅन्सर निघतो, बाकीच्यांना पॉलिप असतो नाहीतर अस्तर कोरडं पडलेलं असतं. तू त्या नव्वदांतली असशील अशीच माझी आशा आहे. पण सोनोग्राफीत अस्तर ११ मिलिमीटर आहे. पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर ४ च्या वर जाड असलं की पुढे तपासतात. शिवाय तुला शुगर आहे आणि वजनही जास्त आहे, या दोन्हींनी धोका वाढतो. तेव्हा तुकडा काढून तपासायला पाठवणं हाच मार्ग आहे. बारीक नळी आत घालून अस्तराचा थोडा भाग ओढून घेतात, काही मिनिटांचं काम. पाळीत दुखायचं तशी कळ येते. भूल सहसा लागत नाही. त्यातून पुरेसा तुकडा आला नाही तर दुर्बिणीतून बघून क्युरेटिंग करतात, म्हणजे अस्तर खरवडून घेतात. लाजण्यासारखं यात काही नाही गं, मी आत तुझ्याजवळ उभी राहीन.

आणि समजा निघालाच, तर हा कॅन्सर रक्त जाण्यामुळे बहुतेक वेळा लवकर सापडतो. पिशवीतच असताना सापडला तर पुष्कळ जणींना ऑपरेशनवरच भागतं. म्हणून मला ही घाई.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येतेय. बाबा, शनिवारची वेळ घेऊन ठेवा आणि सोनोग्राफीचा मूळ रिपोर्ट बरोबर घ्या, फोटोवर भागवू नका. आईची रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे हे वेळ घेतानाच सांगा, पण आपल्या मनाने ती बंद करू नका.

तुमची,
माई