तिसऱ्या बाकावरची अर्धी ओळ

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय भावा,
सप्रेम सलाम.

तुझा मेसेज मंगळवारी आला. दहा वेळा वाचला. मोबाईलवर उत्तर द्यायला बसलो, पण चार ओळींत मावेना आणि बोटंही चालेनात. म्हणून वही काढली. शाळेत असताना सुट्टीत गावाला गेलो की आपण पत्रं लिहायचो, तसंच समज.

तू लिहिलंस, "मला येशू हवा, मंडळी नको. घरात बसून शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो, मला तेवढं पुरे." हे तू रागाने लिहिलं असतंस तर मी राग उतरेपर्यंत थांबलो असतो. पण तू शांतपणे लिहिलंस, म्हणून पोटात कालवलं.

आधी आजचं सांगतो. पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घ्यायचा दिवस. तिसऱ्या बाकावरच्या मावशी तुला आठवतातच. कानांनी कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळ्यांचं कडवं संपलं तरी त्यांची अर्धी ओळ शिल्लक असायची. पेटी थांबली की त्यांचा एकटीचा आवाज सावकाश येऊन टेकायचा. लहानपणी आपण खुदखुदायचो आणि तुझी आई मागून चिमटा काढायची. आज त्या नव्हत्या. पडून आहेत, पंधरा दिवस झाले. पहिलं गाणं संपलं, पेटी थांबली, आणि पुढे काहीच आलं नाही. पाळकसाहेबसुद्धा क्षणभर थांबले. त्यांनाही सवय झालेली. आज गाणं अर्धवट राहिलं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि तेव्हाच कळलं की तुला काय लिहायचं.

आपल्याकडे चर्चसाठी 'मंडळी' हा शब्द आपण किती सहज वापरतो. मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया, म्हणजे हाक मारून जमवलेली माणसं. इमारतीचा त्यात संबंध नाही. इमारत पुराच्या पाण्यात गेली तरी मंडळी जात नाही, हे आपण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाहिलंय. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं, तेव्हा आपल्या तरुण संघाची पोरं घराघरातला गाळ उपसत होती आणि कुठल्या घरात कुठला देव आहे हे कुणी विचारत नव्हतं. तू स्वतः तीन दिवस त्या चिखलात होतास. ती उपासनाच होती, मला अजून तसंच वाटतं.

पण मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. माझे आजोबा आजीचं नाव कधी घेत नसत. कुणी घरी आलं की म्हणायचे, "आमची मंडळी जरा बाजाराला गेलीय." मंडळी म्हणजे जमलेले लोक, आणि मंडळी म्हणजे बायको. प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय, जिथे ख्रिस्त नवरा आणि मंडळी त्याची बायको आहे, मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला आजोबांचा आवाज ऐकू येतो. ख्रिस्त मंडळीकडे बघून म्हणतोय, ही आमची मंडळी. तिला सोडून एकटा तू ये, असं तो कुणाला म्हणाल्याचं मला शास्त्रात सापडलेलं नाही.

तू म्हणशील, हा शब्दांचा खेळ झाला. बरं, मग दिमिष्काची, म्हणजे दमास्कसची, वाट घे. शौल, म्हणजे हाच पौल, अजून विरोधात असताना, विश्वासणाऱ्यांना पकडायला निघालाय. येशूला त्याने कधी हात लावलेला नाही. येशू तर वधस्तंभावर मेला, उठला, वर गेला. आणि तरी आकाशातून विचारणा होते ती 'माझा छळ का करतोस' अशी. त्यांचा नाही, माझा. पायात काटा रुतला की तोंड 'आई गं' म्हणतं, पाय म्हणत नाही. खाली दिमिष्कात अवयव ठेचले जात होते आणि कळ मस्तकाने सांगितली. पौलाने पुढे आयुष्यभर मंडळी शरीर आणि ख्रिस्त तिचं मस्तक अशी जी शिकवण दिली, तिचं बी मला वाटतं त्या रस्त्यावर पडलं.

आणि ती शिकवण त्याने लिहिली कुणाला, ते बघ. करिंथच्या मंडळीला! तुझ्या-माझ्या मंडळीपेक्षा बिकट अवस्था. एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोसचा, तिसरा केफाचा, म्हणजे पेत्राचा. एकमेकांना कोर्टात खेचलेलं. प्रभुभोजनाला पैसेवाले आधी येऊन खाऊन-पिऊन तर्र, आणि मागून आलेले गरीब उपाशी. या सगळ्यावर तो त्यांना सडकून बोलतो, एक गोष्ट झाकत नाही. आणि त्याच पत्रात, बाराव्या अध्यायात, त्याच माणसांना सांगतो की तुम्ही ख्रिस्ताचं शरीर आहात. सुधारलात तर व्हाल, असं नाही. आहात. मला हे वाक्य दरवेळी अडवतं, कारण मी त्याच्या जागी असतो तर असं लिहिलं नसतं.

आपल्या तालमीतले वस्ताद आठवतात? नवा पोरगा आला की दंड कुणी बघायचं नाही, ते आधी मान आणि पाऊल बघायचे. म्हणायचे, दंड लोकांना दिसतो, पण गडी उभा राहतो पावलावर. पौल हेच सांगतो, की जे अवयव दुबळे वाटतात तेच जास्त गरजेचे. आपल्या मंडळीत माईक हातात घेणारे दंड खूप आहेत. पण मंडळी उभी आहे ती मावशींसारख्यांच्या पावलावर, ज्या रोज पहाटे एकेका घराचं नाव घेऊन प्रार्थना करतात. तुझ्याही घराचं.

आता अवघड भाग. दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत तुझ्या वडिलांना जे बोलले गेले, ते मी समोर बसून ऐकलं. तीस वर्षं ज्या माणसाने हिशेब सांभाळला, त्याच्यावर पुराव्याशिवाय बोट उगारलं गेलं, ते पंचांच्या निवडणुकीत मतं फिरावीत म्हणून. सगळ्या खोलीला माहीत होतं की हे खोटं आहे. मलाही. आणि मी गप्प बसलो. घरी येऊन तुला म्हणालो, "जाऊ दे, वाढवू नकोस." भावा, बोलणाऱ्याच्या शब्दांपेक्षा माझं ते 'जाऊ दे' तुला जास्त लागलं असणार. दोन वर्षांत मी याची माफी मागितलेली नाही. आता मागतो. तुझी, आणि काकांची समोर येऊन मागेन.

माझी आत्या मिरजेला वॉनलेस हॉस्पिटलमध्ये नर्स होती. कुष्ठरोग्यांबद्दल ती सांगायची की बोटं रोगाने गळून पडतात असं लोक समजतात, पण तसं नसतं. नसा बधिर होतात. चुलीवरचं भांडं हात भाजला तरी कळत नाही, चप्पल चावली तरी पाऊल थांबत नाही, जखम होते आणि ती चिघळत जाते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच अभ्यासून दाखवलं होतं की माणूस अवयव गमावतो तो बराचसा वेदना हरवल्यामुळे. एक अवयव दुखावला तर सगळे त्याच्याबरोबर दुखावतात, असं पौल लिहितो. त्या सभेत तुझं घर दुखावलं आणि आम्ही ऐंशी माणसं नंतर चहा-बिस्किटं खात उभी होतो. आम्ही बधिर होतो. हा रोग आहे, हे मला मान्य आहे. पण बधिर झालेल्या हाताला औषध करायचं असतं, आणि दुखणं जाणवणारा एकटा अवयव निघून गेला तर उरलेल्याला कोण सांगणार की इथे जखम आहे?

तू टिळकांचा दाखला दिलास, की नारायण वामन टिळकांनीसुद्धा शेवटी मिशन सोडलं. खरं आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला माणूस, बावीस वर्षांनी साहेबी चाकोरी टाकून मोकळा झाला. पण पुढे काय केलं? साताऱ्यात घराचं दार लावून एकटे बसले का? त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला! बाप्तिस्मा झालेले, न झालेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे भाऊ म्हणून एकत्र. १९१९ मध्ये ते गेले, दरबाराला दोनच वर्षं मिळाली. पण बघ, चौकट नको झाली तेव्हा त्यांनी माणसं जास्त जमवली. तुझं नातं आपल्या या मंडळीशी जुळणारच नसेल तर पुण्यात दुसरी शोध, मी एक शब्द बोलणार नाही. माझं भांडण तुझ्या एकटेपणाशी आहे.

वधूबद्दल मात्र मला खूप सांगायचंय, कारण तू लिहिलंस, "असली मळकी बाई ख्रिस्ताची वधू कशी?"

आपल्याकडे लग्नात नवरीला हळद लावून न्हाऊ घालतात ते मामी, काकू, करवल्या. नवरदेव तयार झालेली नवरी बघतो. इफिसकरांच्या पत्रात उलटं आहे. तिथे नवराच तिला धुतो, डाग आणि सुरकुती राहू नये म्हणून, आणि त्यासाठी स्वतःचा जीव देतो. (हाच अध्याय दाखवून बायकोला दाबणारे नवरे मी पाहिलेत. पुढची ओळ ते वाचत नाहीत, जिथे नवऱ्याने मरायचंय.) म्हणजे ती मळकी आहे हे त्याला माहीत आहे. तू आणि मी आज शोधून काढलं असं नाही. होशेय संदेष्ट्याने घर सोडून गेलेल्या बायकोला परत आणलं, तेही १५ शेकेल चांदी आणि वर जव मोजून. आपल्याच बायकोची किंमत बाजारात मोजताना त्याच्या हाताला काय वाटलं असेल! देवाने त्याला सांगितलं होतं, इस्राएलवर माझं प्रेम असं आहे.

आणि अजून लग्न लागलेलं नाही, हे आपण विसरतो. करिंथकरांना पौल सांगतो की मी तुमचं वाग्दान केलंय. म्हणजे आपल्या भाषेत साखरपुडा झालाय. यहुद्यांमध्ये वाग्दान पक्कं धरायचे, ते मोडायचं तर सूटपत्र द्यावं लागे. योसेफ आणि मरीयेच्या गोष्टीत तेच दिसतं. तसं आपलं नातं पक्कं आहे, पण कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लग्नाची मेजवानी प्रकटीकरणात, अगदी शेवटी आहे. आत्ता मध्ये अंतरपाट धरलेला आहे. पलीकडे तो उभा आहे, पायांची हालचाल जाणवते, तोंड दिसत नाही. मंगलाष्टकं लांबली की अंतरपाटाअलीकडे कुजबुज चालते, कुणी हारावरून रुसतं, कुणाचा धक्का लागतो, नवरीला घेरी येते. म्हणून कुणी मांडव सोडून जातं का रे?

मंडळीतल्या प्रत्येक गोष्टीवर पांघरूण घालायला मी सांगत नाही. या वर्षीच्या सभेत मी उभा राहून काकांचा विषय काढणार आहे. पाळकसाहेबांना आजच सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "काढ. मीही त्या दिवशी बोलायला हवं होतं."

दुपारी त्यांच्याबरोबर मावशींकडे गेलो, भाकर आणि प्याला घेऊन. त्यांच्या खोलीत खाट, एक खुर्ची आणि खिडकीत तुळस. हात थरथरत होते, म्हणून प्याला मी धरला. पाळकसाहेब कानाशी वाकून मोठ्याने वचन वाचत होते. मग आम्ही गाणं म्हटलं, आपलं नेहमीचंच, दोन कडवी. आमचं संपलं आणि आम्ही थांबलो. आणि मागून त्यांची अर्धी ओळ आली, अगदी बारीक आवाजात. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

निघताना त्यांनी माझा हात धरला आणि तुझं नाव घेऊन विचारलं, "तो कुठल्या बाकावर बसतो हल्ली? दिसत नाही मला." त्यांना वाटतं त्यांचेच डोळे गेलेत. मी म्हणालो, पुण्याला आहे मावशी, येतोय. खोटं बोललो की काय ते तूच ठरव.

पुढच्या शनिवारी रात्री निघालास तर पहाटे पोचशील. मी सीबीएस स्टँडवर गाडी घेऊन उभा राहतो. चर्चला यायचं की नाही ते सकाळी बघू, पण मावशींकडे जाऊ. काकांना माझा सलाम सांग, आणि मी भेटायला येणार आहे हेही सांग.

तुझाच,
तालमीतला जोडीदार