हिग्जमुळे वस्तुमान, पण किती?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मूलकणांविषयीच्या बातम्यांत ‘हिग्ज कणामुळे विश्वातल्या प्रत्येक वस्तूला वस्तुमान मिळते’ हे वाक्य हमखास असते. प्रोटॉनचाच हिशेब मांडून पाहा. त्याचे वस्तुमान ९३८ एमईव्ही (कणांचे वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचे एकक), आणि तो ज्या मूलकणांचा बनतो त्या दोन ‘अप’ व एका ‘डाऊन’ जातीच्या क्वार्कच्या वस्तुमानांची बेरीज जेमतेम ९. साध्या बेरजेने हिग्जच्या खात्यावर एक टक्का! बाकी बहुतेक सगळी क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांच्या धुमाळीतली ऊर्जा. वाण्याच्या तराजूत आपण तोलून घेतो ती मुख्यतः तीच.

याने ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने जाहीर केलेला हिग्ज कणाचा शोध लहान ठरत नाही. (तिथल्या सीएमएस या प्रयोगाच्या बाह्य कॅलरीमापकात, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणात, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) मोठा वाटा आहे, हे आपल्याकडे क्वचितच छापून येते.) पण मूलकणाचे वस्तुमान म्हणजे सर्वत्र पसरलेल्या हिग्ज क्षेत्राशी (हिग्ज कण हा त्याचाच तरंग) तो किती घट्ट जोडला आहे त्याचा, म्हणजे जोडाचा, आकडा गुणिले १,७४,००० एमईव्ही. यातला दुसरा आकडा सर्वांना सारखा. म्यूऑन या इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाच्या आयुर्मानावरून तो निघतो. जोडाचा आकडा मात्र सिद्धान्त देत नाही, मोजलेल्या वस्तुमानावरून उलटा काढून भरावा लागतो. सर्वांत जड अशा टॉप क्वार्कसाठी तो जवळपास १, इलेक्ट्रॉनसाठी दहा लाखांत ३. का, ते कोणालाच ठाऊक नाही.

या बाबतीत जपानी भौतिकशास्त्रज्ञ योशिओ कोइडे यांचे १९८१चे सूत्र अजून डोके खाते. इलेक्ट्रॉन ०.५११, म्यूऑन १०५.६६ आणि त्यांचे आणखी जड भावंड टाऊ १७७६.९ या वस्तुमानांची (एमईव्हीत) बेरीज करा. मग तिघांच्या वर्गमुळांची बेरीज करून तिचा वर्ग काढा आणि त्याने पहिल्या बेरजेला भागा. उत्तर ०.६६६७, म्हणजे दोन-तृतीयांश. त्या काळी टाऊचे मोजलेले वस्तुमान १७८४च्या आसपास होते. सूत्र १७७७ मागत होते, आणि नंतरच्या अचूक मोजमापांत आकडा तिथेच उतरला.

तरीही त्यावर इमले बांधू नयेत. वस्तुमानाचा आकडा ऊर्जेनुसार सरकतो, आणि उच्च ऊर्जेचे आकडे घेतले की हे गुणोत्तर किंचित ढळते. क्वार्कांची पंचाईत याहून मोठी, कारण सुटा क्वार्क मिळतच नाही, म्हणून त्याचे वस्तुमान कुठल्या ऊर्जेला धरले ते ठरवूनच सांगावे लागते. कोष्टकांत अप-डाऊनचे आकडे २,००० एमईव्हीला धरलेले असतात, चार्म या जड क्वार्कचा त्याच्या स्वतःच्या वस्तुमानाइतक्या ऊर्जेला. ते एकाच सूत्रात कोंबले की हौशी गणित तिथेच फसते.

यापुढे अशा बातमीत ‘प्रत्येक वस्तूला’ऐवजी ‘इलेक्ट्रॉन, क्वार्क यांसारख्या मूलकणांना’ एवढा बदल करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक