ब्रेकच्या पेडलला वेल्डिंग नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-मिरजेत सध्या जुन्या एएमटी गाड्या (ज्यात क्लच-गिअर गाडी आपणहून सांभाळते) ‘गिअरवाल्या’ करून घ्यायची टूम निघाली आहे. विश्रामबागेत माझं मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. अशी गाडी करून घेतलेले लोक शेवटी आमच्याच दारात येतात. ‘‘मॅडम, क्लचची सवय मोडलीय, जरा पाय बसवून द्या.’’ पाय बसवून देते, पण पाय जिथे ठेवायचा तिथेच जे दिसतं त्याबद्दल लिहिणं भाग आहे.

या बदलाला माझा विरोध नाही. २०१४ साली सेलेरिओबरोबर एएमटी आपल्याकडे आली आणि क्लचविना गाडी परवडणाऱ्या किमतीत मिळते म्हणून लोकांनी हौसेनं घेतली. त्या वेळच्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. वय झालं की क्लच दाबणारा, गिअर टाकणारा ॲक्च्युएटर कधीतरी जातोच, आणि त्याचं इस्टिमेट ऐकून माणूस मटकन खाली बसतो. एएमटीचा गिअरबॉक्स आतून साध्या गाडीचाच असतो. ॲक्च्युएटर उतरवून गिअर लिव्हर, केबल आणि क्लच पेडल बसवणं हेच मुख्य काम. (सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर या दुसऱ्या जातीच्या ऑटोमॅटिकवाल्यांनी मात्र या फंदात पडू नये. तिथे अख्खा गिअरबॉक्स, फ्लायव्हील सगळंच बदलावं लागतं.)

घोडं पेंड खातं ते पेडलपाशी. परवा एका जुन्या विद्यार्थ्याची गाडी आली. क्लच दाबला की शेजारचं ब्रेकचं पेडलही थरथरायचं. सीट मागे सारून, टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलं. दोन पेडलच्या गाडीत ब्रेकचं पेडल रुंद असतं. त्याची डावी बाजू ग्राइंडरनं कापून जागा केली होती, आणि भंगारातल्या भलत्याच गाडीचा क्लचचा दांडा ब्रेकच्या ब्रॅकेटला वेल्डिंग मारून चिकटवला होता. वेल्डिंगच्या कडेचा रंग करपलेला, आणि क्लच ब्रेकपेक्षा चांगला दोन बोटं वर. बूट घातलेला पाय क्लचवरून खाली येताना ब्रेकच्या कापलेल्या कडेला अडकत होता. काम कुणी केलं ते सांगत नाही. ते एकटेच असं करतात असंही नाही.

आणीबाणीत माणूस ब्रेकवर सहज ५० किलोचा जोर देतो. पेडलच्या दांड्याची लांबी तो जोर चार-पाच पट करून बूस्टरकडे (ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या डब्याकडे) ढकलते, म्हणजे दोन-अडीचशे किलो. त्यातला बराचसा ताण ब्रॅकेट आणि त्याच्या पिनेवर येतो. तिथलं पोलाद कंपनीनं हिशेब करून घेतलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याच्या कडेचा भाग कडक आणि ठिसूळ होऊ शकतो, आणि भेग बाहेरून दिसेलच असं नाही. आंबा घाटात किंवा कुंभार्लीच्या उतारावर ती उघडी पडली तर?

खरं तर सोपा मार्ग आहे. त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीची अख्खी पेडल असेंब्ली ब्रॅकेटसकट मिळते. ती बूस्टरच्या बोल्टांवर जागच्या जागी बसते. क्लच केबलसाठी इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात बऱ्याचदा जागा आधीच ठेवलेली असते, नुसतं झाकण काढायचं. मग क्लचचा प्ले (पेडलची मोकळी चाल) आणि ब्रेक लाइटचा स्विच जुळवायचा. थोडे पैसे जास्त जातात, इतकंच.

दुसरी गोष्ट स्टार्टरची. एएमटी गाडी ब्रेक दाबल्याशिवाय सुरू होत नाही. रूपांतर करताना ती अट वायरचा तुकडा जोडून उडवली जाते. मग गाडी गिअरमध्ये असताना किल्ली फिरवली की ती टुणकन पुढे उडी मारते. समोर पोरं खेळत असली तर? क्लचवर स्टार्टरचा स्विच बसवायलाच हवा.

आमच्या ट्रेनिंगच्या गाडीला केंद्रीय मोटार वाहन नियम २४ प्रमाणे दुहेरी कंट्रोल लागतो. माझ्या बाजूच्या ब्रेक-क्लचच्या पिना आणि बुश मी रोज सकाळी हातानं हलवून बघते. परवाना देताना, नूतनीकरणाला परिवहन खात्याची तपासणी असते आणि ती असावीच. मग रस्त्यावरच्या गाडीचं पेडल कापून जोडलं तर ते कुणीच बघायचं नाही? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलापासून वेगळा होईल असे बदल करता येत नाहीत, पण ‘पेडल बदललं तर काय’ हे विचारायला आलेल्या माणसाला सरळ उत्तर मिळत नाही. आरसीवर आणि विम्याच्या कागदावर एएमटी, गाडीत तीन पेडलं. अपघात झाला की विमा कंपनी आधी तेच दाखवणार. परिवहन खात्यानं अशा बदलाला परवानगी कधी, कशी आणि कोणत्या तपासणीनंतर, हे मराठीत एका पानावर लिहून कार्यालयाबाहेर लावावं. गॅरेजवाल्यांनीही बिलावर कुठल्या गाडीची असेंब्ली बसवली ते लिहून द्यावं.

ज्यांनी आधीच करून घेतलंय त्यांनी आजच इंजिन बंद ठेवून ब्रेक जोरात दाबून धरावा, आणि दुसऱ्याला हातानं क्लच दाबायला लावावा. पायाखालचा ब्रेक जरा जरी हलला, तर ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, टोचन करून न्यावी.

– एक मोटार ट्रेनिंग स्कूलचालिका, विश्रामबाग, सांगली