बारशाआधी

खानापूर,
रविवार

चि. सचिन यास अनेक आशीर्वाद.

तू पुण्याहून पाठवलेली बावीस नावांची यादी मिळाली. कियारा, मायरा, अन्वी, स्वरा... आज्जीला एकेक वाचून दाखवलं. कियारा ऐकून ती म्हणाली, "हे पोरीचं नाव का खोकल्याच्या औषधाचं गा?" (ती नटी कियारा तरी कुठली मूळची कियारा? खरं नाव आलिया. एक आलिया आधीच गाजलेली, म्हणून सिनेमासाठी बदललं.)

पण तुला हसायचं तोंड मला नाही. तुझा जन्म मे 1998 चा. आदल्या महिन्यात शारजाला तेंडुलकरनं तीन दिवसांत ऑस्ट्रेलियाला दोन शतकं ठोकली होती, 143 आणि 134. तुझ्या आजोबांना पणजोबांचं नाव हवं होतं, यल्लाप्पा. मी हट्टानं सचिन ठेवलं. मग शाळेत तुझ्या वर्गात तीन सचिन निघाले आणि तू 'सचिन पी.' झालास. तेंडुलकरचं नावही उसनंच, संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं. त्रिपुराच्या राजघराण्यातलं नाव असं मुंबईवरून आपल्या घरात आलं.

त्याआधी आपल्या घरातली नावं सौंदत्तीहून यायची. यल्लम्माला नवस बोलायचा, पोर झालं की यल्लाप्पा, यल्लव्वा, रेणुका. मी परशराम तो तिच्या लेकावरून. अप्पा-अव्वा कानडी की मराठी, हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं. मुलं जगत नसली तर दगडू नाहीतर धोंडू ठेवायचे, म्हणजे यमानं ढुंकून बघू नये. पुढे पोरं शहरात शिकायला लागली, त्यांना अप्पा गावंढळ वाटायला लागला आणि तो गळला. आता अप्पाच काय, चार अक्षरंही तुम्हाला जड होतात.

सूनबाईच्या आईनं पत्रिका केली. उत्तराभाद्रपदा निघालं. अक्षरं कोणती, तर दू, थ, झ, ञ. ञ वरून काय ठेवणार, सांग बघू! आज्जीनं मात्र लगेच 'दू' धरला: "दुर्गव्वा." तिच्या आईचं नाव. राशीचं नाव पत्रिकेपुरतं ठेवून हाक मारायला दुसरं ठेवतात, हे तिला सांगितलं. ती काही बोलली नाही, उठून चुलीकडे गेली.

माझं म्हणणं एवढंच. पोर बेळगावात जन्मली, दाखला कन्नड आणि इंग्रजीत येणार, घरात आपण मराठीत लिहिणार. माझ्या शेताच्या उताऱ्यावर परसप्पा, रेशन कार्डावर परशराम, आधारवर परशुराम. कर्जाच्या वेळी हे तिघं एकच, असं अफिडेव्हिट करताना दोन दिवस मोडले. साहेब म्हणाला, "यात तुम्ही कोण?" गावाचंच नाव 2014 साली बेळगावचं बेळगावी झालं, तिथं माझं काय घेऊन बसलास! म्हणून जे ठेवशील त्याचं इंग्रजी स्पेलिंग आधी ठरव आणि कन्नडात कसं उमटतं ते इथल्या कुणाकडून तरी बघून घे.

घाई नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, ती मी करतो. नाव मागाहून घालता येतं, बारा महिन्यांच्या आत फी पण पडत नाही. पण बारसं गुरुवारी आहे आणि कानात 'कुर्रर्र' करायला तुझी ताई बुधवारीच येणार. ती दोनदा विचारून झाली, काय म्हणायचं म्हणून. आज रात्री फोन कर. आज्जी जागी असेपर्यंत कर.

तुझा,
बाबा