भाडं बघून देश निवडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत 'लॅपटॉप घ्या आणि परदेशात राहा' टाइपचा लेख आला होता, त्यात शहरांची यादी आणि पुढे महिन्याचं भाडं. मी त्याच यादीतल्या चियांग मायला, म्हणजे उत्तर थायलंडमध्ये, नोव्हेंबर ते मार्च राहून आलोय म्हणून लिहितोय. भाड्याचं सगळं खरंय हो, पण भाडं शेवटी बघायची गोष्ट आहे.

आधी घड्याळ बघा. माझी टीम न्यूयॉर्कची. नाशिकला हिवाळ्यात रात्री साडेआठला असणारा कॉल तिथे रात्री दहाला, कारण थायलंड आपल्या दीड तास पुढे. म्हणजे मी अमेरिकेपासून आणखी लांब गेलो आणि दोन वाजेपर्यंत जागत बसलो, दिवसा झोपलो, मग कसलं फिरणं आणि कसलं काय. तोच कॉल लिस्बनला दुपारी तीनला पडतो. पण पोर्तुगालच्या रिमोटवाल्या व्हिसाला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न दाखवावं लागतं, 2025 च्या हिशोबाने महिन्याला 3480 युरो, तीन लाखांच्या वर. थायलंडचा रिमोटवाल्यांना चालणारा डीटीव्ही व्हिसा 2024 च्या जुलैत सुरू झाला, पाच वर्षं चालतो, एका वेळी 180 दिवस राहता येतं, मात्र खात्यात पाच लाख बाथ दाखवायचे. आणि हो, वर्षात 180 दिवस झाले की तिथले टॅक्स रेसिडेंट, म्हणजे कराच्या हिशोबात तिथले रहिवासी, मग सीए गाठा. कंपनीला न सांगता जाणारे पण बघितले मी, आमच्या एचआरने तर 'रिमोट म्हणजे भारतातून रिमोट' असं लेखी कळवलेलं, माझी परवानगी मिळायला दोन महिने गेले.

आणि हवेचं कुणीच सांगत नाही! फेब्रुवारीपासून शेतातला काडीकचरा आणि आजूबाजूची जंगलं जळायला लागतात, शहर डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत, धूर हलतच नाही. माझ्या खिडकीतून दोई सुथेपचा डोंगर दिसायचा, मार्चमध्ये गायबच झाला. सकाळी फडक्याने लॅपटॉप पुसला की फडकं राखाडी. घसा बसला म्हणून कॉलवर माझा आवाज ऐकून मॅनेजरने आजारी रजा घे म्हणून सांगितलं. घरमालकीण म्हणाली, दरवर्षीचंच आहे, सगळे विदेशी तेव्हा दक्षिणेला बेटांवर पळतात. हे तिने नोव्हेंबरात सांगितलं असतं तर मी सहा महिन्यांचा करार केला नसता, डिपॉझिट गेलं ते गेलंच.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी लोकांनी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दुकान शोधायचं, नाहीतर भाजीतसुद्धा फिश सॉस असतो. पण 'जे'मध्ये कांदा-लसूण नसतो, त्यामुळे आमची आई फोनवर फार खूष, 'बघ, श्रावण पाळतोयस' म्हणायची.

तर पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा भाड्याच्या रकान्याशेजारी अजून दोन रकाने घाला, ऑफिसचा कॉल तिथे किती वाजता पडेल आणि कोणत्या महिन्यात तिथून निघावं लागेल. मी या नोव्हेंबरला परत चाललोय, यावेळी करार महिन्या-महिन्याचा केलाय आणि 10 फेब्रुवारीचं परतीचं तिकीट आत्ताच काढून ठेवलंय.

आपला,
एक वाचक, नाशिक